तळटिपेपासून संदर्भसूचीपर्यंत: बडोद्यात मराठीतून लघुप्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

माझा एम.ए.चा लघुप्रबंध तपासून परत आला तेव्हा मुख्य मजकुरावर फारशा खुणा नव्हत्या. लाल शाई होती ती सगळी तळटिपांवर. एका टिपेशेजारी मार्गदर्शक बाईंनी लिहिलं होतं, ‘हे वाक्य या पानावर नाही.’ उतारा मी स्वतः वहीत उतरवून घेतला होता, पुस्तक वाचलं होतं, मनात काही खोट नव्हती. पण पान एका आवृत्तीचं होतं आणि साल दुसऱ्या आवृत्तीचं. तसल्या एकोणीस टिपा निघाल्या. त्या दुरुस्त करायला मला पुन्हा अकरा दिवस ग्रंथालयात बसावं लागलं, कारण पुस्तकं केव्हाच परत केली होती.

माझा विषय बडोदा संस्थानातलं सक्तीचं प्राथमिक शिक्षण हा होता. साधनं मराठी, गुजराती आणि इंग्रजीत, शिवाय काही कागद मोडीत. बडोद्यात मराठीतून संशोधन करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची हीच स्थिती असते. पुण्या-मुंबईच्या पुस्तिका आपल्याला अर्ध्यावर सोडतात, कारण विक्रम संवत किंवा गुजराती मुखपृष्ठ त्यांच्या वाटेत येत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट धरून चाला: संदर्भ म्हणजे पुढच्या वाचकासाठी वाट. तुमची टीप वाचून अनोळखी माणसाला नेमकं तेच पुस्तक, तीच आवृत्ती, तेच पान उघडता आलं पाहिजे. स्वल्पविराम कुठे द्यायचा ते नंतर.

सुरुवातीला जवळ काय हवं

- विभागाने दिलेली लेखनपद्धतीची सूचना किंवा मान्य झालेला एखादा जुना लघुप्रबंध
- ग्रंथालयाचं ओळखपत्र, आणि दफ्तरखान्यात जाणार असाल तर विभागाचं शिफारसपत्र
- एक जाड वही किंवा कोरी कार्डं
- मोबाइलचा कॅमेरा (परवानगी असेल तिथेच)
- संगणकावर युनिकोड मराठी आणि संदर्भांच्या नोंदी ठेवणारं झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर

युनिकोडचा आग्रह धरा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली सूची दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची खिचडी होते, आणि ती अकारविल्हे लावताही येत नाही.

१. पद्धत कोणती, ते पहिल्याच आठवड्यात विचारा

ढोबळमानाने तीन पद्धती कानावर येतील. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजशास्त्राकडे एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची पद्धत) चालते. तिची सातवी आवृत्ती सध्या वापरात आहे आणि तिच्यात मजकुरातच कंसात आडनाव, साल, पान येतं: (राइस, १९३१, पृ. ४५). भाषा-साहित्याकडे एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची पद्धत), नववी आवृत्ती, २०२१ची; तिच्यात कंसात फक्त आडनाव आणि पान. इतिहासवाले शिकागो पद्धतीच्या तळटिपा पसंत करतात. मराठी विभागांत बहुधा तळटिपांचीच, पण आपली अशी एक रूढ पद्धत असते.

यातली चांगली कोणती, यावर वेळ घालवू नका. मार्गदर्शक सांगतील ती घ्या आणि शेवटच्या पानापर्यंत तीच ठेवा. पहिल्या प्रकरणात तळटिपा आणि तिसऱ्यात कंस, हे मी तपासनिसांच्या हातात जाताना पाहिलं आहे. तसं दिसलं की त्यांचा उरलेल्या कामावरचाही विश्वास उडतो.

२. पुस्तक हातात असतानाच सगळं उतरवून घ्या

वाचायला घेण्याआधी मुखपृष्ठ, आतलं शीर्षकपान आणि त्याच्या पाठीमागचं पान, तिन्हींचे फोटो काढा. मग वहीत: लेखक, संपादक किंवा अनुवादक, पूर्ण शीर्षक, खंड, आवृत्ती, प्रकाशक, गाव, साल, आणि ग्रंथालयाचा दाखल क्रमांक. दाखल क्रमांक छापील टिपेत लागत नाही, पण तीच प्रत पुन्हा शोधायला फार उपयोगी पडतो. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या काळातल्या प्रती निघू शकतात, तेव्हा तुम्ही कुठली पाहिली ते तुम्हालाच ठाऊक असतं.

बाहेरच्या मुखपृष्ठावर भरवसा ठेवू नका. ग्रंथालयाच्या बांधणीत कित्येकदा मूळ कव्हरच राहिलेलं नसतं, आणि पुठ्ठ्यावरचं नाव बाइंडरने आखूड केलेलं असतं. खरं नाव शीर्षकपानावरचं.

गुजराती पुस्तकात ‘बीजी आवृत्ती’ म्हणजे दुसरी. त्याच पानावर ‘प्रत १०००’ असं दिसेल, तो छापलेल्या प्रतींचा आकडा आहे. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतही फरक करा. पुनर्मुद्रणात पानं बहुधा तीच राहतात, नव्या आवृत्तीत सरकतात.

उतारा घेताना वहीत दोन प्रकारची खूण ठेवा. जसंच्या तसं घेतलेलं ठळक अवतरणचिन्हांत, आणि आपल्या शब्दांत लिहिलेलं वेगळ्या शाईत. तीन महिन्यांनी दोन्ही आपलंच वाटायला लागतं. चोरीचे आरोप बहुतेक वेळा इथूनच सुरू होतात, आणि तो विद्यार्थी मनाने अगदी स्वच्छ असतो.

३. कशाला संदर्भ द्यायचा, कशाला नाही

तिसरे सयाजीराव १८७५ साली गादीवर आले, याला टीप नको. ते कुठल्याही चरित्रात सापडतं आणि त्यावर वाद नाही. सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली भागात सुरू झाला आणि १९०६ साली सगळ्या संस्थानाला लागू झाला, हे माहीत असलेलं असलं तरी तुमच्या विषयाचा कणाच ते असेल तर टीप द्या. आणि ‘अमुक साली अमुक इतक्या मुली शाळेत जात होत्या’ या वाक्याला टीप हवीच हवी, मग तो आकडा तुम्ही किती ठिकाणी वाचला असो.

तसंच संमेलनांचं. १९०९, १९२१ आणि १९३४ ही मराठी साहित्य संमेलनं बडोद्यात भरली, ही सर्वज्ञात गोष्ट. १९२१ सालचे अध्यक्ष न. चिं. केळकर भाषणात काय म्हणाले, हे लिहिलंत की छापील भाषणाचं पान दाखवावं लागेल.

आकडा, मत, अवतरण, आणि दुसऱ्याने जुळवलेली कारणमीमांसा यांना टीप हवीच. मीमांसेचं विद्यार्थ्यांच्या लक्षातच येत नाही. वाक्य तुमचं असतं, विचार दुसऱ्याचा असतो. तोही उसनाच.

बडोद्यातला एक खास मोह सांगते. गुजराती लेखातला परिच्छेद मराठीत उतरवला की तो आपला झाला असं वाटतं. साम्य शोधणारं सॉफ्टवेअर तो पकडेल की नाही ते सोडा, तो उसना आहे. टीप द्या आणि शेवटी ‘अनुवाद माझा’ असं लिहा. त्याने तुमचं काम कमी दिसत नाही. उलट तुम्ही मूळ साधन वाचलंत, हे दिसतं.

४. साल, नाव आणि गाव

माझ्या एकोणीस चुकांपैकी बारा इथल्या होत्या.

*साल.* जुन्या मराठी पुस्तकावर शालिवाहन शक असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. १ जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९. गुजराती पुस्तकावर विक्रम संवत असतो आणि गुजरातचं संवत दिवाळीनंतर कार्तिकात बदलतं. तेव्हा कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करा, पुढच्या महिन्यांना ५६. नुसता ‘संवत १९६५’ असेल आणि महिना नसेल, तर १९०८-०९ असं जोडसाल द्या, अंदाजाने एक साल निवडू नका. मूळ आकडाही ठेवा: ‘शके १८३१ (१९०९-१०)’. मी मूळ खोडून फक्त इसवी सन लिहिला होता. तपासणाऱ्याला पुस्तकावर तो आकडा कुठेच दिसेना.

*नाव.* सूचीत आडनाव आधी. गुजरातेत शाळेच्या दाखल्यापासून सरकारी कागदापर्यंत आडनाव पहिलं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आपल्या सवयीने शेवटचा शब्द आडनाव धरलात तर वडिलांच्या नावाखाली नोंद होते. ‘भाई’, ‘बेन’, ‘राव’, ‘पंत’, ‘शास्त्री’ छापलं असेल तसं ठेवा. ‘रावबहादूर’, ‘डॉ.’, ‘प्रा.’ या पदव्या सूचीतून काढा. टोपणनावाने छापलेलं पुस्तक टोपणनावाखालीच नोंदवा: केशवसुतांचा संग्रह ‘केशवसुत’ खाली, हवं तर कंसात कृष्णाजी केशव दामले.

इंग्रजी पुस्तकांच्या तालिकेत शोधताना ‘गायकवाड’ आणि ‘गायकवार’ अशी दोन्ही स्पेलिंगं टाकून बघा. ब्रिटिश काळातली बरीच पुस्तकं दुसऱ्या स्पेलिंगने नोंदलेली आहेत. टिपेत मात्र त्या पुस्तकावर जे छापलं आहे तेच.

*गाव.* पुस्तकावर ‘बडोदे’ असेल तर बडोदे, ‘बरोडा’ असेल तर बरोडा, ‘वडोदरा’ असेल तर वडोदरा. एकसारखं दिसावं म्हणून बदलू नका. एपीएच्या सातव्या आवृत्तीत गाव द्यायचंच नसतं, पण आपल्याकडच्या तळटिपांत ते अजून मागतात.

५. टीप प्रत्यक्षात कशी दिसते

स्टॅन्ली राइस यांनी लिहिलेलं सयाजीरावांचं इंग्रजी चरित्र घेऊ. ते दोन खंडांत आहे, म्हणून खंड लिहिल्याशिवाय पान निरुपयोगी. (पानांचे आकडे इथे नमुन्यापुरते.)

पहिल्यांदा: स्टॅन्ली राइस, लाइफ ऑफ सयाजीराव द थर्ड, महाराजा ऑफ बरोडा, खंड १, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, लंडन, १९३१, पृ. ४५.

लगेच पुढच्या टिपेत तेच पुस्तक: तत्रैव, पृ. ४८.

मध्ये दुसरं पुस्तक येऊन गेल्यावर: राइस, उनि., खंड १, पृ. ६०.

सूचीत: राइस, स्टॅन्ली, असं आडनावाने सुरू करून बाकी तसंच, पान न देता.

‘तत्रैव’ म्हणजे तिथेच, लगतच्या वरच्या टिपेत. ‘उनि.’ म्हणजे उपरिनिर्दिष्ट, आधी कुठेतरी सांगितलेलं. आता खड्डा पाहा. टीप क्रमांक १२ राइसची, १३ ‘तत्रैव’. पंधरा दिवसांनी दोघांच्या मध्ये तुम्ही एक नवी टीप घातलीत. संगणकाने क्रमांक बदलले, पण ‘तत्रैव’ तसंच राहिलं, आणि आता ते भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतं. म्हणून कच्च्या खर्ड्यात ‘तत्रैव’ लिहूच नका. प्रत्येक टिपेत आडनाव, आखूड शीर्षक आणि पान लिहा. तत्रैव घालायचं काम अगदी शेवटच्या दिवशी करा. एकाच लेखकाची दोन पुस्तकं वापरली असतील तर ‘उनि.’ पूर्ण टाळा, कारण कुठलं पुस्तक ते कळत नाही.

आवृत्तीचं महत्त्व एका उदाहरणावरून पटेल. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेला गेलेल्या डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली लंडनला निघाला. १९४७ साली तो मुंबईत नव्या शीर्षकाने छापला गेला, आणि पुढे महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी लेखनसंग्रहाच्या सहाव्या खंडात १९८९ साली आला. एकाच ग्रंथाची तीन रूपं, पानं तिन्हींत वेगळी. माझ्या मैत्रिणीने शासनाचा खंड वाचला आणि टिपेत १९२३ साल घातलं, कारण ते ‘मूळ’ वाटलं. तुम्ही वाचलंत ते लिहा: साल १९८९, आणि जोडीला ‘मूळ प्रकाशन १९२३’.

६. पानाऐवजी श्लोक किंवा अभंग

बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने सिद्ध केलेली वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती (म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ) आपल्याच गावातली. १९६० ते १९७५ या काळात सात कांडांचे सात खंड निघाले. रामायणाचा संदर्भ कांड, सर्ग, श्लोक असा देतात, पण प्रचलित पोथीतले सर्ग आणि चिकित्सक आवृत्तीतले सर्ग जुळत नाहीत, कारण प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घातलेला वाटलेला भाग तिथे मूळ पाठातून काढून टीपांत ठेवला आहे. तेव्हा पहिल्याच टिपेत ‘बडोदे चिकित्सक आवृत्ती’ असं सांगून टाका. तुकोबांच्या गाथ्याचंही तसंच: प्रत्येक गाथ्यात अभंगांचे क्रमांक निराळे. क्रमांकाबरोबर कुठला गाथा ते लिहा आणि अभंगाचा पहिला चरण द्या, म्हणजे कोणत्याही प्रतीत सापडतो.

७. दुसऱ्याच्या पुस्तकात सापडलेलं अवतरण

राइसच्या पुस्तकात तुम्हाला महाराजांचं एक पत्र दिसलं. मूळ पत्र तुम्ही पाहिलेलं नाही. तर टीप पत्राची देऊ नका. ‘राइस यांच्या ग्रंथात उद्धृत’ असं लिहून राइसचं पान द्या. न पाहिलेला कागद पाहिल्यासारखा दाखवणं ही माझ्या मते संदर्भातली सगळ्यात वाईट चूक आहे, कारण मधल्या माणसाने नकलताना केलेली चूक आता तुमच्या सहीने पुढे जाते.

८. दफ्तर, वर्तमानपत्र, मुलाखत

राज्य अभिलेखागाराच्या वडोदऱ्यातल्या कचेरीत संस्थानी कागद पाहिलेत तर क्रम असा: कागदाचं वर्णन, तारीख, विभाग, दफ्तर क्रमांक, फाइल क्रमांक, अभिलेखागाराचं नाव, गाव. क्रमांक मागणीच्या चिठ्ठीवर असतात, ती चिठ्ठी फेकू नका. माझ्या तीन चिठ्ठ्या हरवल्या आणि ते तीन कागद शेवटी वगळावे लागले. मोडी कागद असेल तर लिप्यंतर कोणी केलं तेही लिहा.

वर्तमानपत्राला तारीख आणि पान. मुलाखतीला नाव, जागा, तारीख, आणि नाव छापायची परवानगी. दांडिया बाजारातल्या एका वाड्यात मी ऐंशी उलटलेल्या आजींना भेटले होते. त्यांनी त्यांच्या आईच्या शाळेबद्दल फार सुंदर सांगितलं, पण नाव नको म्हणाल्या. मी ‘दांडिया बाजारातील एक ज्येष्ठ रहिवासी’ असं लिहून तारीख दिली. ते चालतं.

९. इंटरनेटवरून घेतलेलं

शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर (तो गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेचा) प्रबंध पाहताना एक काळजी घ्या. तिथे प्रकरणागणिक वेगळी पीडीएफ असते, त्यामुळे पडद्यावरचा आकडा प्रत्येक वेळी एकपासून सुरू होतो. प्रबंधाच्या पानावर छापलेला आकडा द्या. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांनाही हेच लागू: प्रस्तावनेची पानं मोजली गेल्यामुळे पडद्यावरचं ६०वं पान छापील ४४वं असू शकतं.

नियतकालिकातल्या लेखाला डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, असेल (तो १० या आकड्याने सुरू होतो) तर दुव्याऐवजी तोच द्या, दुवे मरतात. बदलणाऱ्या संकेतस्थळाला ‘पाहिल्याची तारीख’ जोडा. विश्वकोशातल्या नोंदीखाली बहुधा लेखकाचं नाव असतं. नोंद त्याच्या नावावर करा.

एआयला संदर्भ विचारू नका. तो खऱ्या लेखकाचं नाव, खरं वाटणारं शीर्षक आणि साल जुळवून कधीही न छापलेला लेख तुमच्यापुढे ठेवतो. सुचवलेलं काही वापरायचंच असेल तर ते स्वतः शोधून, उघडून, पान वाचल्यावर.

१०. झोटेरो

मोफत आहे, आणि फायली ठेवायला ३०० एमबी जागा फुकट मिळते. पुस्तकांच्या नोंदी साठवायला उत्तम. पण आपोआप आलेली नोंद तशीच स्वीकारू नका: मराठी नावांत आडनाव भलत्या रकान्यात जातं, आणि मराठी सूचीत ‘अँड’सारखे इंग्रजी जोडशब्द घुसतात. प्रत्येक नोंद फोटोशी ताडून घ्या. सूचीत क्ष आणि ज्ञ कुठे येतात तेही बघा. कित्येक मराठी कोशांत ते शेवटी असतात, संगणक त्यांना क आणि ज खाली लावू शकतो.

११. साम्याचा अहवाल

उसन्या मजकुराबाबत यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २०१८चा नियम आहे. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर बंदी, आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द. नीट श्रेय दिलेली अवतरणं, सूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे या मोजणीतून वगळतात. पण आकडा खाली आला म्हणजे काम शुद्ध झालं असं समजू नका. शब्द फिरवून आकडा उतरवता येतो, टीप मात्र तेव्हाही लागते.

१२. देण्याआधीचे दोन दिवस

पहिल्या दिवशी सूची आणि टिपा समोरासमोर ठेवा. टिपेतलं प्रत्येक पुस्तक सूचीत हवं. सूचीत असलेलं पण कुठेच न वापरलेलं पुस्तक काढा, किंवा विभागाला चालत असेल तर ‘पूरक वाचन’ म्हणून वेगळं द्या. दुसऱ्या दिवशी छापील प्रत घेऊन ग्रंथालयात जा आणि कुठल्याही दहा टिपा उचलून पुस्तकं उघडून बघा. जमलं तर हे काम मैत्रिणीला द्या, कारण पान कुठे आहे ते तिला आधीपासून ठाऊक नसतं. दहांपैकी दोन चुकल्या तर उरलेल्या सगळ्या तपासा. ‘तत्रैव’ त्यानंतर घाला, आणि मग बांधणीला द्या.